ठाणे-नवी मुंबईत नवा व्यवसाय: करांची कामे कोणत्या क्रमाने करावीत

वाशीत गाळा भाड्याने घेतला, घोडबंदर रोडला क्लिनिक उघडले किंवा ऐरोलीतली नोकरी सोडून घरूनच सॉफ्टवेअरची कामे घ्यायला सुरुवात केली, की पहिल्याच आठवड्यात कुणीतरी सांगते, "आधी जीएसटी नंबर काढून घ्या." हा सल्ला बऱ्याचदा वेळेआधीच दिलेला असतो. काहींना तो नंबर अजून दोन वर्षे लागणार नसतो, काहींना कधीच लागणार नसतो. काढला मात्र, तर विक्री शून्य असली तरी दर महिन्याला किंवा तिमाहीला विवरणपत्र भरावे लागते. म्हणून सुरुवात बँक खात्यापासून करा, जीएसटीचा विचार नंतर.

दुसरी गोष्ट कररचनेची. २०२५-२६ पासून नव्या कररचनेत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीनंतर आयकर शून्य होतो. पगारदारांना त्यावर ७५,००० रुपयांची प्रमाणित वजावट मिळते, व्यावसायिकाला मिळत नाही. त्यामुळे १२ लाख ७५ हजारांचा आकडा तुमच्यासाठी नाही. तरीही वर्षाला सहा-सात लाख नफा कमावणारे कितीतरी दुकानदार अजून साडेतीन लाखच दाखवतात. त्यातून कराचा एक रुपया वाचत नाही. पुढे घरासाठी कर्ज मागायला गेल्यावर मात्र बँक त्याच साडेतीन लाखांवर हप्ता मोजते.

खाते आणि बिलबुक

धंद्याचे पैसे वेगळ्या खात्यात घ्या. एकल मालकीच्या धंद्याला कायद्याने चालू खाते सक्तीचे नाही, स्वतःच्या नावाचे वेगळे बचत खातेही सुरुवातीला चालते. पण दुकानाच्या नावाने चेक हवा असेल तर चालू खाते लागतेच. बँका त्यासाठी साधारण धंद्याच्या नावाचे दोन पुरावे मागतात, आणि गुमास्ता (दुकानाची नोंद) व उद्यम (लघुउद्योगाची नोंद) या दोन कागदांवर काम होते.

खाते वेगळे असण्याचा खरा फायदा वर्ष संपल्यावर कळतो. घरखर्चाच्या खात्यातच ग्राहकांचे यूपीआय येत असेल, तर सासऱ्यांनी पाठवलेले ५०,००० आणि गिऱ्हाइकाचे ५०,००० यांतला फरक तुम्हाला प्रत्येक नोंदीगणिक सिद्ध करावा लागतो. जुलै २०२५ मध्ये कर्नाटकात यूपीआयवर जमा झालेल्या रकमा पाहून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा गेल्या होत्या. खात्यात आलेली प्रत्येक रक्कम ही विक्री नसते, हे दाखवायचे काम त्या विक्रेत्यांवर येऊन पडले.

बिलाला अनुक्रमांक हवा आणि तो दर १ एप्रिलला नव्याने सुरू करावा. मध्येच गाळलेले किंवा दोनदा वापरलेले क्रमांक ही तपासणीत पहिली पकडली जाणारी गोष्ट आहे. बिल रद्द केले तर पान फाडू नका. "रद्द" लिहून तसेच ठेवा. जीएसटी नोंदणी नसताना बिलावर कर दाखवून तो ग्राहकाकडून घेणे हा गुन्हा आहे, "नंतर नंबर काढणारच आहे" ही सबब तिथे चालत नाही.

गुमास्ता, उद्यम आणि व्यवसाय कर

ही तीन कामे दोन दिवसांत उरकता येतात.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. एक-दोन माणसांच्या दुकानाला किंवा ऑफिसला आता परवाना घ्यावा लागत नाही. कामगार विभागाच्या पोर्टलवर सूचना द्यायची आणि पोच डाउनलोड करायची. उद्यम नोंदणी सरकारी संकेतस्थळावर आधार आणि पॅनवरून पूर्ण मोफत होते. शोधल्यावर वरच दिसणाऱ्या खासगी साइट्स यासाठी हजार-दीड हजार उकळतात, त्यांच्या नादी लागू नका. उद्यम क्रमांक मिळाला की तो बिलावर छापून टाका. उत्पादक किंवा सेवा देणारा सूक्ष्म वा लघु उद्योग असाल, तर मोठ्या ग्राहकाने लेखी करार नसताना १५ दिवसांत आणि करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे द्यायचे असतात. मुदत चुकवली तर तो खर्च त्याला त्या वर्षी आयकरात मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात थकलेली बिले अचानक निघतात, त्यामागे हे कारण असते. निव्वळ खरेदी-विक्री करणाऱ्या व्यापाऱ्याला हे संरक्षण लागू नाही.

व्यवसाय कर नवखे हमखास विसरतात, कारण तो राज्याचा आहे आणि आयकराच्या पोर्टलवर कुठेच दिसत नाही. महाराष्ट्राच्या १९७५ च्या कायद्याखाली व्यावसायिकाने स्वतःसाठी पीटीईसी हे प्रमाणपत्र घ्यायचे आणि वर्षाला २,५०० रुपये भरायचे, मुदत ३० जून. भागीदारी असेल तर प्रत्येक भागीदाराचे वेगळे. वयाची ६५ वर्षे पूर्ण झालेल्यांना माफी आहे. माणसे कामाला ठेवली आणि त्यांचा पगार मर्यादेच्या वर गेला की पीटीआरसी हे दुसरे प्रमाणपत्र लागते. पुरुष कर्मचाऱ्याला महिना ७,५०० च्या वर १७५ आणि १०,००० च्या वर २०० रुपये (फेब्रुवारीत ३००) कापायचे. महिला कर्मचाऱ्याला २५,००० पर्यंत काहीच कापायचे नाही. दोन्ही कामे महाजीएसटीच्या, म्हणजे राज्याच्या जीएसटी विभागाच्या, संकेतस्थळावर होतात. तीन-चार वर्षे पीटीईसी न घेता काढली, तर मागच्या सगळ्या वर्षांचा कर व्याजासकट एकदम भरावा लागतो.

जीएसटी: घ्यावा की थांबावे

महाराष्ट्रात निव्वळ वस्तू विकणाऱ्याला ४० लाख, तर सेवा देणाऱ्याला किंवा दोन्ही करणाऱ्याला २० लाख रुपये वार्षिक उलाढालीपर्यंत नोंदणी लागत नाही. उलाढाल एका दुकानाची मोजत नाहीत, तुमच्या पॅनवरची सगळी मोजतात. कोपरीतला गाळा भाड्याने दिला असेल तर ते भाडेही त्यात मिसळते. क्लासेसमधून १७ लाख आणि गाळ्याचे ४ लाख भाडे म्हणजे मर्यादा ओलांडली. ज्या दिवशी ओलांडली, त्यापासून ३० दिवसांत अर्ज करायचा.

ज्यांची सेवाच करमुक्त आहे त्यांना उलाढाल कितीही असली तरी नोंदणी नको. डॉक्टरांचे उपचार यात येतात. केवळ सौंदर्यासाठी केलेली शस्त्रक्रिया येत नाही. क्लिनिकमध्येच औषधे किंवा त्वचेची उत्पादने वेगळी विकायला ठेवली की करपात्र विक्री सुरू होते, हे लक्षात असू द्या.

मर्यादेच्या आत असताना आपणहून नंबर घ्यावा का, हे तुमचा ग्राहक कोण आहे त्यावरून ठरवा. महापे-रबाळ्याच्या कारखान्यांना सुटे भाग पुरवत असाल तर ग्राहक तुमच्या बिलावरचा कर वळता करून घेतो, म्हणजे स्वतःला भरायच्या करातून वजा करतो, त्याला १८ टक्के जीएसटी जड जात नाही. उलट नंबर नसेल तर तो तुमच्याकडून माल घ्यायलाच कचरतो. तिथे लवकर नोंदणी करणे शहाणपणाचे. पण दहावीचे क्लास असतील तर पालकाला कर वळता करता येत नाही. फी तीच ठेवायची म्हटली तर १,००० रुपयांतून १५२ रुपये ५४ पैसे सरकारला जातात, तेही तुमच्या खिशातून. अशा धंद्याने २० लाखांच्या आत असेपर्यंत थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

मर्यादा ओलांडल्यावरही क्लासवाल्यांसाठी एक मधला मार्ग आहे आणि तो फार कमी लोक विचारात घेतात: कंपोझिशन. सेवा देणाऱ्यांना ५० लाख उलाढालीपर्यंत ६ टक्के भरून मोकळे होता येते. २४ लाख फी जमली तर कर १ लाख ४४ हजार. नेहमीच्या पद्धतीत तेवढ्याच जमा रकमेतून सुमारे ३ लाख ६६ हजार जातात, त्यातून भाडे-जाहिरातीवरचा कर वळता झाला तरी फरक बराच उरतो. वस्तूंचे व्यापारी आणि उत्पादक यांना १.५ कोटीपर्यंत १ टक्का, उपाहारगृहांना ५ टक्के. बंधने अशी: राज्याबाहेर विक्री नाही, ग्राहकाकडून कर घ्यायचा नाही, खरेदीवरचा कर वळता करायचा नाही, आणि कराच्या बिलाऐवजी 'बिल ऑफ सप्लाय' द्यायचे. त्यावर आपण कंपोझिशनमध्ये असल्याचे छापावे लागते. कर दर तिमाहीनंतर १८ तारखेपर्यंत, वार्षिक विवरणपत्र ३० जूनपर्यंत. सलून, जिम, योगवर्गांचा दर २२ सप्टेंबर २०२५ पासून नेहमीच्या पद्धतीतच ५ टक्के झाला आहे, खरेदीवरचा कर मात्र वळता मिळत नाही. त्यांनी कंपोझिशनचे गणित आता नव्याने मांडावे.

परदेशी ग्राहकांसाठी काम करणाऱ्यांना २० लाखांनंतर नोंदणी लागते, पण निर्यातीवर कर भरावा लागत नाही. त्यासाठी एलयूटी नावाचे हमीपत्र पोर्टलवर दर आर्थिक वर्षासाठी नव्याने भरायचे असते. पहिल्या वर्षी सगळे भरतात. दुसऱ्या एप्रिलला विसरतात.

अर्ज कुठे अडकतो

लागणारे कागद मोजके आहेत: पॅन, आधार, फोटो, जागेचा पुरावा. यात जागेचा पुरावाच अडतो. स्वतःची जागा असेल तर मालमत्ता कराची पावती किंवा महावितरणचे बिल पुरते. भाड्याची असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार आणि मालकाच्या नावचे वीजबिल. वडिलांच्या फ्लॅटमधून काम करत असाल तर त्यांचे संमतीपत्र आणि त्यांचे बिल.

नवी मुंबईत गोम अशी असते की करारात इमारतीचे नाव आणि फ्लॅट क्रमांक असतो, वीजबिलावर सेक्टर आणि प्लॉट क्रमांक, आणि अर्जात तिसरेच काहीतरी. अधिकारी लगेच खुलासा मागतात. अर्जातला पत्ता करारातल्या पत्त्याशी शब्दशः जुळवा आणि प्लॉट व सेक्टर दोन्ही लिहा. खुलाशाला ७ कामाच्या दिवसांत उत्तर द्यावे लागते. तो ईमेलवर येतो आणि स्पॅममध्ये जाऊन पडला तर अर्ज फेटाळला जातो. १ नोव्हेंबर २०२५ पासून एक सोपी वाटही निघाली आहे: नोंदणीकृत ग्राहकांना केलेल्या विक्रीवर महिन्याला २.५ लाखांपेक्षा जास्त कर होणार नसेल तर आधार पडताळणीनंतर ३ कामाच्या दिवसांत नंबर मिळतो.

नंबर मिळाल्यावर ३० दिवसांत बँक खाते पोर्टलवर जोडा. हे राहिले तर नोंदणी स्थगित होते आणि ती पुन्हा सुरू करून घेणे नवी नोंदणी घेण्यापेक्षा कटकटीचे आहे.

नंबर आल्यावरचे वेळापत्रक

५ कोटीपर्यंत उलाढाल असणाऱ्याने तिमाही पद्धत, म्हणजे क्यूआरएमपी, निवडावी. विक्रीचे विवरण, जीएसटीआर-१, तिमाहीनंतर १३ तारखेला. कर भरण्याचे विवरणपत्र, जीएसटीआर-३बी, महाराष्ट्रासाठी २२ तारखेला. तिमाहीच्या पहिल्या दोन महिन्यांचा कर पुढच्या महिन्याच्या २५ तारखेपर्यंत चलनाने. कंपन्यांना माल देत असाल तर त्या दोन महिन्यांची बिले आयएफएफ या पोर्टलवरच्या सोयीत पुढच्या महिन्याच्या १३ तारखेपर्यंत टाका. नाही टाकली तर ग्राहकाला त्याचा कर वळता करायला तिमाही संपेपर्यंत थांबावे लागते, मग तो तुमचे पैसे अडवतो.

शून्य विक्रीचे विवरणपत्र उशिरा भरले तर दिवसाला २० रुपये, विक्री असेल तर ५० रुपये विलंब शुल्क. कर उशिरा भरला तर वर्षाला १८ टक्के व्याज. सलग सहा महिने काहीच भरले नाही तर नोंदणी रद्द होऊ शकते.

खरेदीवरचा कर वळता करताना दुकानदाराने दिलेले बिल हातात असणे पुरेसे नाही. ते २बी या, पुरवठादारांनी भरलेल्या बिलांवरून पोर्टलवर तयार होणाऱ्या, विवरणात दिसले पाहिजे. तिमाही पद्धतीत तिमाही संपल्यावर आणि मासिक पद्धतीत दर महिन्याच्या १४ तारखेनंतर २बी उघडा आणि जो पुरवठादार दिसत नाही त्याला त्याच दिवशी फोन करा. वर्षाअखेरीस करू म्हटले तर तोवर त्याने दुकान गुंडाळलेले असते.

आता भाड्याचे. इथे सर्वाधिक लोक फसतात, म्हणून थोडे थांबून सांगतो. १० ऑक्टोबर २०२४ पासून व्यापारी जागेचा मालक जीएसटी नोंदणीकृत नसेल आणि भाडेकरू नोंदणीकृत असेल, तर भाड्यावरचा १८ टक्के कर भाडेकरूने भरायचा. वागळे इस्टेटमधल्या गाळ्याचे भाडे ३०,००० असेल तर महिन्याला ५,४०० रुपये. ही रक्कम खात्यातल्या वळत्या करातून फेडता येत नाही, रोख चलनानेच भरावी लागते. भरल्यावर ती वळत्या करात मिळते. म्हणजे शेवटी नुकसान शून्य, पण भरलेच नाही तर कर, व्याज आणि दंड मागे लागतात. मालकाकडून बिल येत नसल्याने स्वतःच स्वतःच्या नावे बिल बनवून फाइलला लावावे लागते. कंपोझिशनमधल्या भाडेकरूला यातून १६ जानेवारी २०२५ पासून सूट आहे. आपणहून नंबर घेतलेल्या छोट्या दुकानदाराला हे बहुधा कुणी सांगितलेले नसते.

आयकर: अंदाजे नफ्याची सोय

१ एप्रिल २०२६ पासून १९६१ चा कायदा जाऊन आयकर कायदा, २०२५ लागू झाला. कलमांचे क्रमांक बदलले. बाजारात अजून ४४एडी (धंद्यासाठी), ४४एडीए (नेमून दिलेल्या व्यवसायांसाठी) हेच म्हणतात, नव्या कायद्यात ही सगळी सोय कलम ५८ मध्ये एकत्र आहे. २०२५-२६ या वर्षाचे रिटर्न मात्र जुन्याच कायद्याने भरायचे.

सोय अशी की हिशेबाच्या वह्या न ठेवता उलाढालीच्या ठरावीक टक्क्यांना नफा धरायचा. धंद्यासाठी बँकेतून वा यूपीआयने आलेल्या विक्रीवर ६ टक्के, रोखीच्या विक्रीवर ८ टक्के. मर्यादा २ कोटी, आणि रोख जमा ५ टक्क्यांच्या आत असेल तर ३ कोटी. डॉक्टर, वकील, इंजिनिअर, आर्किटेक्ट, सीए, इंटिरिअर डेकोरेटर, तांत्रिक सल्लागार, माहिती तंत्रज्ञान अशा नेमून दिलेल्या व्यवसायांना जमेच्या ५० टक्के. मर्यादा ५० लाख, रोख ५ टक्क्यांच्या आत असेल तर ७५ लाख. मालवाहू गाड्या दहापर्यंत असतील तर १२ टनांपर्यंतच्या गाडीला महिन्याला ७,५०० आणि त्यावरच्या गाडीला आरसीवरील एकूण वजनाच्या दर टनाला १,००० रुपये. कळंबोलीत १६ टनांचा एक ट्रक चालवणाऱ्याचे वर्षाचे उत्पन्न १ लाख ९२ हजार धरले जाते.

हे टक्के किमान आहेत. प्रत्यक्ष नफा जास्त असेल तर जास्तच दाखवायचा.

कोण या सोयीत बसत नाही, ते आधी तपासा. कमिशन आणि दलालीचे उत्पन्न ४४एडीमध्ये चालत नाही. म्हणजे वाशीच्या एपीएमसीतले अडते, विमा एजंट आणि खारघर-उलव्यात फ्लॅट दाखवणारे इस्टेट एजंट यांनी वह्या ठेवायच्या आणि आयटीआर-३ हा रिटर्नचा नमुना भरायचा. एजंट मंडळी सर्रास ६ टक्क्यांवर आयटीआर-४ हा अंदाजे नफ्याचा नमुना भरतात, पण त्यांच्या दलालीवर कापलेला टीडीएस (पैसे देणाऱ्याने आधीच कापून भरलेला कर) विभागाला दिसत असतोच, मग सदोष रिटर्नची नोटीस येते. तसेच ग्राफिक डिझायनर, फोटोग्राफर, शिकवणी घेणारे हे नेमून दिलेल्या व्यवसायांच्या यादीत नाहीत. "फ्रीलान्सर आहे" एवढ्यावर ५० टक्क्यांचे कलम लावता येत नाही. रिटर्नमध्ये व्यवसायाचा कोड निवडताना इथेच घोळ होतो.

एक उदाहरण घ्या. खारघरची इंटिरिअर डेकोरेटर, वर्षाची जमा २२ लाख, सगळी बँकेतून. अंदाजे नफा ११ लाख, दुसरे उत्पन्न नाही, तर नव्या रचनेत आयकर शून्य. बिल्डरांनी १० टक्क्यांनी कापलेला २ लाख २० हजारांचा टीडीएस परत मिळेल. पण २० लाखांची रेषा ओलांडल्यामुळे जीएसटी मात्र लागू. आयकर शून्य म्हणून जीएसटीही नाही, असा हिशेब मांडू नका.

हिला बँकेच्या ठेवीचे १ लाख १० हजार व्याज असते तर? उत्पन्न १२ लाख १० हजार. दराने कर ६१,५०० होतो, पण सीमांत सवलतीमुळे १२ लाखांवरच्या रकमेइतकाच, म्हणजे १०,००० आणि त्यावर ४ टक्के उपकर, इतकाच भरावा लागतो. शेअरच्या विशेष दराच्या नफ्यावर ही सवलत चालत नाही, आणि शेअर वर्षाच्या आत विकून नफा झाला असेल तर आयटीआर-४ ही चालत नाही.

आता उलटे उदाहरण. वाशीतला आर्किटेक्ट, जमा ४० लाख, पण ऑफिसभाडे आणि चार जणांचे पगार मिळून खर्च २६ लाख. अंदाजे नफा २० लाख धरला तर कर २ लाख ८ हजार. खरा नफा १४ लाख दाखवला तर ९३,६००. फरक १ लाख १४ हजारांचा. त्यासाठी वह्या आणि लेखापरीक्षण दोन्ही करावे लागते, त्याची फी देऊनही तो फायद्यात राहील. या व्यावसायिकांना दरवर्षी पद्धत बदलता येते. ४४एडीवाल्या दुकानदाराला तेवढी मोकळीक नाही: एकदा सोय घेऊन पुढच्या पाच वर्षांत कमी नफा दाखवला, तर पुढची पाच वर्षे सोय बंद आणि उत्पन्न करमुक्त मर्यादेच्या वर असेल तर लेखापरीक्षण सक्तीचे.

खरा खर्च दाखवायचा असेल तर काही मर्यादा पाठ असू द्या. एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख दिले तर तो खर्च धरला जात नाही, मालवाहतूकदाराला ३५,०००. लॅपटॉपवर ४० टक्के घसारा (वस्तूच्या झिजेपोटी खर्च म्हणून धरायची रक्कम) मिळतो, फर्निचरवर १०. ८०,००० चा लॅपटॉप ऑगस्टमध्ये घेतला तर ३२,०००, आणि ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटल्यावर घेतला तर त्या वर्षापुरते निम्मे, १६,०००. दिवाळीच्या सेलची वाट पाहताना हा फरकही मोजा. एका ग्राहकाकडून एका दिवसात किंवा एकाच व्यवहारासाठी २ लाख किंवा त्याहून जास्त रोख घेऊ नका. दंड घेतलेल्या रकमेइतकाच असतो आणि अंदाजे नफ्याच्या सोयीत असलात तरी सुटका नाही.

जुनी कररचना निवडायची असेल तर व्यावसायिकाने रिटर्नच्या मुदतीत १०-आयईए अर्ज भरावा लागतो, आणि एकदा जुनीतून नवीत परतल्यावर पुन्हा जुनीत जाता येत नाही. घराच्या कर्जाचे व्याज आणि गुंतवणुका भरपूर असतील तरच तिचा विचार करा.

टीडीएस आणि आगाऊ कर

ग्राहक कंपनी व्यावसायिक सेवेवर वर्षाला ५०,००० च्या वर १० टक्के, तांत्रिक सेवेवर २ टक्के, कंत्राटावर एकल मालकाला १ टक्का, दलालीवर २ टक्के कापते. बिलात जीएसटी वेगळा दाखवला तर कपात कर सोडून उरलेल्या रकमेवर व्हायला हवी. तो मिसळून लिहिला तर एकूण रकमेवर कापतात. कापलेला पैसा तुमच्या पॅनवर चढला का, हे २६एएस या करकपातीच्या विवरणात दर तिमाहीनंतर पाहा. मार्च तिमाहीची नोंद ३१ मेनंतर दिसते, त्यामुळे एप्रिलमध्ये घाईने रिटर्न भरणाऱ्यांचा टीडीएस अर्धवट येतो.

टीडीएस वजा जाता वर्षाचा कर १०,००० किंवा जास्त होत असेल तर आगाऊ कर लागतो: १५ जूनपर्यंत १५ टक्के, १५ सप्टेंबरपर्यंत ४५, १५ डिसेंबरपर्यंत ७५, १५ मार्चपर्यंत सगळा. अंदाजे नफ्याच्या सोयीतल्यांना (मालवाहू गाड्यांची सोय सोडून) चारऐवजी एकच हप्ता, १५ मार्चचा. तो चुकला तरी ३१ मार्चपूर्वी भरा; तो आगाऊ करातच धरतात, एका महिन्याच्या १ टक्का व्याजावर भागते. एप्रिल उजाडला की दर महिन्याला १ टक्का दुसरे व्याज सुरू होते.

लेखापरीक्षण नसलेल्या व्यावसायिकांना ३१ जुलैऐवजी ३१ ऑगस्टपर्यंत मुदत देण्याचा प्रस्ताव फेब्रुवारी २०२६ च्या अर्थसंकल्पात मांडला गेला. रिटर्न उशिरा भरल्यास ५,००० रुपये, उत्पन्न ५ लाखांच्या आत असेल तर १,०००. भरल्यानंतर ३० दिवसांत आधार ओटीपीने पडताळणी करा, नाहीतर रिटर्न मुदतीत भरल्याचे धरले जात नाही.

सल्लागार नेमताना

नौपाड्यात आणि बेलापूरला कर सल्लागारांची कमी नाही. फी विचारण्याआधी हे विचारा: पोर्टलवर मोबाइल आणि ईमेल कुणाचा टाकणार? सोय म्हणून बरेच जण स्वतःचा टाकतात. मग खुलाशाची नोटीस त्यांच्याकडे जाते, त्यांनी पाहिली नाही तर तुम्हाला थेट वसुलीचा आदेशच कळतो. आयकर, जीएसटी आणि महाजीएसटी, तिन्ही ठिकाणी संपर्क तुमचाच ठेवा आणि पासवर्ड तुमच्याकडेही असू द्या. भरलेल्या प्रत्येक विवरणपत्राची पीडीएफ आणि चलन त्याच आठवड्यात मागून घ्या. फक्त "भरलंय" असा मेसेज हा पुरावा नव्हे. जीएसटीची कागदपत्रे त्या वर्षाच्या वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने जपायची असतात.

आयकराची नोटीस म्हणून काही आले तर आधी त्यावरचा डीआयएन हा ओळख क्रमांक आयकराच्या पोर्टलवर तपासा. तिथे लॉगिन न करताही नोटीस खरी की खोटी ते कळते. खरी असेल तर शेवटची तारीख पाहा. सदोष रिटर्नला साधारण १५ दिवस असतात, आणि मुदतवाढ मागायची तर ती संपण्याआधी पोर्टलवरूनच मागावी लागते, फोनवर नाही.